पारधी : शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो आला कुठून?

रानवाट

शब्दकोशात 'पारधी' या शब्दापुढे 'शिकारी, व्याध' एवढंच दिलेलं असतं. मला ते अपुरं वाटतं. आमच्या खामगावकडे जुनी माणसं शिकारी म्हणायची ती बंदूकवाल्याला. जीपमधून आलेले पाहुणे, कुणी इनामदार, कुणी साहेब, हे शिकारी. आणि पारधी म्हणजे जो तितर, लावे जिवंत धरून टोपलीत घालून आठवडी बाजाराला आणायचा तो. त्याच्याकडे बंदूक नव्हती, फासे होते. एक मारणारा, दुसरा धरणारा. माझं ठाम मत आहे की पारधी हा शब्द धरणाऱ्याचा आहे, आणि त्याला नुसतं 'शिकारी' म्हटलं की त्याचं अर्धं कसब पुसलं जातं.

आता प्रश्न. 'पारध'वरून पारधी हे उघड आहे, पण पारध कुठून आला? कुणी तो 'पापा'शी जोडतं, कुणी 'प्रारब्धा'शी. जाणकारांनी सांगावं. आणि तुमच्या भागात धरणाऱ्या माणसांना काय म्हणतात तेही लिहा. पाखरं, जनावरं, मासे, काहीही चालेल.

तांबडफुटी

मस्त विषय. बसले आहे चहा घेऊन.

शब्दखोड

पापाशी जोडतात त्याला कारण आहे. जैन ग्रंथांत सात व्यसनांची यादी येते : द्यूत, मांस, मद्य, वेश्या, पापर्द्धि, चोरी, परस्त्री. यातलं पापर्द्धि म्हणजे शिकार. पाप + ऋद्धि, पापाची भरभराट. प्राकृतात त्याचं पारद्धि, आणि मराठीत पारध. व्युत्पत्तीच्या पुस्तकांत बहुतेक हीच साखळी मिळते.

मला स्वतःला ती उलटी वाटते. अमरकोशात, म्हणजे संस्कृतातल्या जुन्या शब्दकोशात, शिकारीला आच्छोदन, मृगव्य, आखेट, मृगया असे शब्द दिलेत. पापर्द्धि त्यात नाही. म्हणजे लोकांच्या तोंडी आधी प्राकृत पारद्धि असावा, आणि अहिंसा मानणाऱ्या पंडितांनी त्याला संस्कृत पेहराव चढवताना मधे 'पाप' बसवलं असावं. तसं असेल तर शब्द जन्मतः पापी नव्हता, पंडितांनी त्याच्या माथी पाप मारलं. हा माझा तर्क आहे, पण अमरकोशातली गैरहजेरी मला बोलकी वाटते.

अरुंधती_जो

शब्दखोड, तर्क आवडला. पण रानवाट यांच्या मूळ म्हणण्याला माझा विरोध आहे. दशरथ राजा पारधीला गेला आणि श्रावणाला बाण लागला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली. तिथे 'पारध' म्हणजे मारणंच आहे ना? राजा काही लावे धरायला गेला नव्हता.

निळू_क

अरुंधतीताईंशी सहमत. पारध साधली म्हणजे सावज पडलं.

मालवणी_खाजा

आमच्याकडे तळकोकणात पारध म्हणजे रानडुकराचीच. गाव मिळून जायचा. देवाला गाऱ्हाणं घालायचं, हाकारे घालणारे एका अंगाला, वाटा धरून बसणारे दुसऱ्या अंगाला. धरायचा प्रश्नच नाही, डुकराला कोण धरणार? आता कायद्यामुळे सगळं बंद आहे, पण शब्द जिवंत आहे. गोव्यातही पारध शब्द याच अर्थाने चालतो. आणि गंमत म्हणजे पारधीला जाणाऱ्या गावकऱ्याला आमच्याकडे कुणी पारधी म्हणत नाही.

रानवाट

मालवणी_खाजा, तुमच्या शेवटच्या वाक्यात माझं उत्तर आहे. पारध कुणीही करतो. राजा करतो, गाव करतो. पण दशरथाला कुणी पारधी म्हटलेलं ऐकलंय का? पारधी तो, ज्याचं पोट त्यावर आहे. पोट भरायचं तर माल ताजा लागतो, बाजारापर्यंत जिवंत न्यावा लागतो. म्हणून धरणं.

शब्दखोड

याला जुन्या मराठीतला पुरावा देतो. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायात आसुरी माणसं धन गोळा करायला कशी निघतात ते सांगताना डोंगराकडे निघालेल्या पारध्यांचा दाखला येतो. त्यांच्या अंगावर काय काय आहे बघा : फासे, पोती, वागुरा म्हणजे जाळी, कुत्री, ससाणे, भोसकायची हत्यारं. फासे, पोती आणि जाळी यादीत सगळ्यात आधी येतात. पोतं जिवंत माल भरायलाच लागणार. सातशे वर्षांपूर्वीचं हे सामान आहे, आणि रानवाट म्हणतात तो माणूस त्यात स्पष्ट दिसतो. हत्यारंही आहेत, ते नाकारता येत नाही. पण पारधी म्हटल्यावर आधी आठवतात ते फासे.

अमरकोशही हा भेद पाळतो. व्याध, मृगयु, लुब्धक हे मृग मारून जगणारे. शाकुनिक म्हणजे पाखरं धरणारा. वागुरिक आणि जालिक म्हणजे जाळं लावणारा. आपण मराठीत या सगळ्यांना एकाच 'शिकारी'च्या गाठोड्यात बांधलं, तेही फारसी शब्दाच्या.

मेंढका

थांबा, वागुरा?? आम्ही धनगर. मेंढरं रात्री ज्या जाळीच्या आत कोंडतो तिला आमच्यात वाघर म्हणतात. कुणी वाघूरही म्हणतं. तीच का ही?

शब्दखोड

तीच असणार! जरा सविस्तर लिहा ना.

मेंढका

लिहितो. वाघर म्हणजे दोरीची विणलेली जाळी, कमरेच्या थोडी वर येईल एवढी. मोठ्या डोळ्यांची असते. वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामाला, आलं की बाया आधी ती उतरवतात. लाकडी मेखा ठोकायच्या, त्यांना जाळी अडकवत गोल फिरायचं, शेवटी तोंड बांधायचं. मेंढरं आत, कुत्री बाहेर. सकाळी मेखा उपटल्या, जाळी गुंडाळली, घोड्यावर टाकली की पुढचं रान. पूर्वी अंबाडीच्या, घायपाताच्या दोरीची असायची, आता नायलॉनची. लांडग्यापासून राखायला लावतात, म्हणून आमची म्हातारी म्हणायची वाघापासून राखते ती वाघर. मीही तेच धरून चाललो होतो. पण सशाच्या शिकारीलाही वाघर लावतात हे खरं. तिथं वाघाचा काय संबंध, असं कधी मनात आलं नव्हतं.

तांबडफुटी

म्हणजे एकच जाळी. एकात शिरायचं म्हणजे मरण आणि दुसरीत शिरायचं म्हणजे जीव वाचला. मेंढकादादा, फार सुंदर लिहिलंत.

वऱ्हाडी_ठेचा

मंग 'वाघरी' समाजाचं नाव बी वाघावरून नाही म्हणता काय? आमच्या इकडं सगळे सांगतेत का वाघ मारत होते म्हणून वाघरी.

शब्दखोड

वागुरिक → वागरी → वाघरी. अमरकोशातला जालिकाचा जोडीदार तो हाच. 'ग'चा 'घ' व्हायला शेजारी वाघ उभाच होता, लोकांच्या मनात तो शिरला. म्हणजे वाघरी हा शब्दसुद्धा धरणाऱ्याचाच, आणि पारधीपेक्षा जास्त उघडपणे.

निळू_क

मग फासेपारधी म्हणजे 'धरणारा धरणारा' झाला की :) पिवळा पीतांबर.

शब्दखोड

नाही, इथे फासे हे साधन सांगतात. फास हा संस्कृत पाश. पनसाचा फणस झाला, परशूची फरशी झाली, तसा पाशाचा फास. त्याच घरातली फाशी. दक्षिणेत ठगांना फासीगार म्हणत ते गळ्याला फास लावायचे म्हणून. फासेपारध्याचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही, फक्त दोरीचा शब्द समान.

पंचगंगाकाठ

कोल्हापूरकर असल्यामुळं चित्तापारध्यांचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. हे लोक चित्ता मारत नव्हते, चित्ता धरत होते. आणि धरून त्याला काळवीट धरायला शिकवत होते. म्हणजे धरणाऱ्याला धरणारे!

पद्धत अशी. चित्त्यांची काही ठरलेली झाडं असतात. तिथं ते येतात, बुंध्यावर नखं घासतात, मुततात, एकमेकांचा माग घेतात. पारधी आधी असं झाड हेरायचे आणि त्याच्याभोवती जनावराच्या स्नायूंच्या तातीचे फास पेरायचे. चित्ता अडकला की त्याला बांधायचा, डोळ्यांवर टोपी चढवायची. पिल्लू का धरत नसत? कारण शिकार करायला आई शिकवते. लहानपणी आणलेलं पिल्लू माणसाळतं, पण त्याला हरीण धरता येत नाही. म्हणून आईच्या हाताखाली तयार झालेला मोठा चित्ताच लागायचा. मग बैलगाडीवर बसवून माळावर न्यायचा, काळविटाच्या कळपाजवळ टोपी काढायची.

पुढं आपल्याकडचे चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूर संस्थानानं आफ्रिकेतून चित्ते आणले. 1952 मध्ये भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं आणि त्याबरोबर ही विद्याही गेली. 2022 मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात नामिबियातून चित्ते आले तेव्हा सगळीकडं परदेशी तज्ज्ञांच्या मुलाखती झडल्या. ज्यांच्या पणज्यांनी चित्ता उघड्या हातांनी बांधला त्या घरांची कुणी साधी आठवण काढली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आकाशवेडा

थोडं विषयांतर, पण वर लुब्धक आला म्हणून. हिवाळ्यात संध्याकाळी पूर्वेकडे मृग नक्षत्र बघा. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले ओळीतले तीन तारे म्हणजे घुसलेला बाण, आणि ती ओळ तशीच खाली लांबवली की ठसठशीत निळसर-पांढरा तारा लागतो तो व्याध. रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. त्यालाच लुब्धकही म्हणतात. ऐतरेय ब्राह्मणात प्रजापती मृगरूप घेतो आणि मृगव्याध त्याला बाणानं विंधतो, अशी कथा आहे. व्याध हा 'व्यध्' म्हणजे टोचणं, विंधणं यावरून. त्यामुळे आकाशात बाण आहे, फास नाही. रानवाट यांच्या भेदाला आकाशाचीही साक्ष.

अरुंधती_जो

वा! हे पटलं. व्याध विंधतो, पारधी धरतो. धर्मव्याधाचीही आठवण झाली. महाभारतात मिथिलेचा हा व्याध ब्राह्मणाला धर्म शिकवतो, आणि तो स्वतः प्राणी मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेल्यांचं मांस विकतो असं सांगतो. म्हणजे व्याध म्हणवून घेणारा, पण न विंधणारा. शब्द आणि माणूस नेहमी जुळतीलच असं नाही.

गावगाडा

सगळं छान चाललंय, पण प्रत्यक्षात काय आहे? आमच्या भागात पारधी म्हटलं की लोक दाराला कडी लावतात. व्युत्पत्ती कितीही गोड असली तरी आज शब्दाचा अर्थ लोकांच्या मनात 'चोर' हाच आहे. कटू आहे पण खरं आहे.

माळरान_वि

मी आजवर इथे फक्त वाचत आलो. आज लिहितो. मी फासेपारधी घरातला आहे, सध्या पुण्यात नोकरी करतो.

गावगाडा, शब्दाचा अर्थ लोकांच्या मनात कुणी घातला तेही लिहायला हवं होतं. 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. माणसानं काही केलंय की नाही ते बघायचंच नाही, जन्म कुठल्या जातीत झाला तेवढं पुरे. ठाण्यावर हजेरी, गाव सोडायला परवानगी. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत केली, त्या भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला. पण मी शाळेत असताना वर्गात कुणाची वही हरवली तरी माझं दप्तर आधी उघडायचे. कायदा तर कधीच रद्द झाला होता.

आता शब्दाबद्दल. घरात आमची बोली वेगळी आहे, गुजरातीच्या जवळची. भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सनने ती भिल्ली भाषांच्या गटात घातली. बोलीला आम्ही वाघरी म्हणतो. शब्दखोड सरांनी वागुरिक सांगितलं तेव्हा मी ते घरी फोन करून सांगितलं. वडील म्हणाले, 'मग बरोबरच आहे, जाळं आपलंच.'

तितराचा फास कसा असतो ते सांगतो, कारण हे कुठे लिहून ठेवलेलं मी वाचलेलं नाही. घोड्याच्या शेपटीचे केस घ्यायचे. मांडीवर तळहाताने पीळ देत दुपदरी, तिपदरी दोरा वळायचा. त्याच्या टोकाला सरकगाठ. असे फास बांबूच्या बारीक काड्यांना बांधायचे आणि काड्या एका लांब दोरीत ओवायच्या. जमिनीत रोवल्या की ओळीत उभ्या राहतात. सरकगाठीचं वर्तुळ तितराच्या मानेच्या उंचीला आलं पाहिजे. खाली गेलं तर पाय घालून निसटतो, वर गेलं तर खालून पळतो. काळा केस गवतात दिसत नाही, आणि ओला झाला तरी सुताच्या दोऱ्यासारखा लोळागोळा होत नाही. मधे पिंजऱ्यात आपला पाळलेला नर ठेवायचा. तो ओरडला की रानातला नर भांडायला धावत येतो, त्याचं लक्ष पिंजऱ्याकडे असतं, जमिनीकडे नसतं. आजोबा तोंडानेसुद्धा तो आवाज काढायचे. पाखरू उत्तर द्यायचं.

हे सगळं 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून बंद आहे आणि ते बरोबरच आहे. मला ते परत सुरू व्हावं असं वाटत नाही. पण ती विद्या होती एवढं तरी म्हणा.

तांबडफुटी

माळरान_वि, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. अजून लिहा.

पंचगंगाकाठ

+१. असं कुठल्याच कोशात नाही मिळणार.

गावगाडा

माळरान_वि, मी लोकांच्या मनातलं लिहिलं, ते माझं मत नव्हे. पण दप्तराची गोष्ट वाचून वाईट वाटलं. असले शब्द मुलांपर्यंत आपणच पोचवतो.

कासवगती

माळरान_वि यांच्या लेखनाला एक जोड. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला होता. त्यात दिसलं की एकाच मुलखात फिरणाऱ्या जमातींनी जनावरं जणू वाटून घेतली होती. फासेपारधी फास लावून काळवीट आणि पाखरं धरत. वैदू सापळ्यांनी मुंगूस, रानमांजर अशी लहान जनावरं. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड. एकमेकांच्या वाट्याला कुणी जात नसे. आणि फासात गाभण हरिणी किंवा पाडस आलं तर फासेपारधी ते सोडून देत.

मला या धाग्यासाठी महत्त्वाचं वाटतं ते हे, की सोडून देणं फक्त धरणाऱ्यालाच शक्य असतं. गोळी घातल्यावर काय सोडणार? रानवाट यांचा मुद्दा इथे सगळ्यात पक्का होतो.

माळरान_वि

हो, हे आमच्यात होतं. आजोबा 'बी राहू दे' म्हणायचे.

आणि आता विदर्भात वाशीम-अकोल्याकडे आमच्यातलेच लोक तणमोर हा गवतात राहणारा पक्षी शोधायला आणि गवताळ रानं राखायला मदत करतात. गवतात लपलेला तणमोर दिसायला तीच नजर लागते.

वऱ्हाडी_ठेचा

हे खरं आहे भाऊ, आमच्याच भागातलं आहे. तणमोर उडी मारते तवा गवतावर जरासा दिसते अन् लगेच गायब. आपल्याला तं दाखवूनही दिसत नाही.

निळू_क

एक शंका. जातीच्या दाखल्यांच्या यादीत पारधी या नोंदीखाली टाकणकर असंही वाचलंय. ते काय टाकतात? फास?

शब्दखोड

टाकणं नव्हे, टाकी! छिन्नी. जात्याची तळी झिजली की त्याला टाकी लावून परत खरबरीत करावं लागायचं. गावोगाव फिरून ते काम करणारे टाकणकर. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ती नोंद पुरी वाचण्यासारखी आहे : पारधी, अडविचिंचेर, फासेपारधी, बहेलिया, चित्तापारधी, शिकारी, टाकणकर, टाकिया... अडवि म्हणजे कानडी-तेलुगूत रान. एका नोंदीत मराठी, हिंदी, फारसी, द्राविडी असे शब्द एकत्र नांदतायत. इंग्रजी अंमलदारांनी ज्याला जे नाव ऐकलं ते लिहीत गेल्याचा हा साठा दिसतो.

मालवणी_खाजा

आणि कोळी विसरलात? मासे धरणारा कोळी आणि भिंतीवरचा कोळी. दोघेही जाळं टाकून बसतात. हा एकच शब्द की दोन?

शब्दखोड

भिंतीवरचा बहुधा विणकरावरून आला. संस्कृतात कौलिक म्हणजे विणकर, पंचतंत्रात विष्णूचं सोंग घेणारा कौलिक आहे ना, तो. समुद्रावरच्या कोळ्याची व्युत्पत्ती फार वादाची आहे. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे दोनशे प्रतिसाद होतील.

अरुंधती_जो

धरणाऱ्यांत गारुडीही घ्या. आज आपण साप धरणारा म्हणतो, पण तो गरुडावरून आलाय. गारुडविद्या म्हणजे विष उतरवायचे मंत्र. म्हणजे मुळात वैद्य! आता साप धरून रानात सोडणाऱ्याला 'सर्पमित्र' म्हणतात, तोही धरणाराच, पण शब्दात धरणं कुठेच नाही.

मेंढका

सगळ्या धरणाऱ्यांचं झालं, आता धरला जातो त्याचं सांगा. सावज शब्द कुठला?

शब्दखोड

श्वापद. प्राकृतात सावय, मराठीत सावज. आणि गुजरातीत सावज म्हणजे सिंह! गीरमध्ये 'सावज आला' म्हटलं की माणसं बाजूला होतात, आपल्याकडे 'सावज आलं' म्हटलं की पुढे सरसावतात.

रानवाट

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. कोशात नोंद करायची वेळ आली तर मी अशी करीन : पारधी, फास, जाळी वगैरे लावून पशुपक्षी धरण्याचं कसब असलेला, ते कसब परंपरेनं बाळगणारी जमात. 'शिकारी' हा अर्थ दुसऱ्या क्रमांकावर. माळरान_वि, तुम्हाला यात काही बदल हवा असेल तर तो आधी.

माळरान_वि

'बाळगणारी'च्या ऐवजी 'बाळगलेली' करा. आता बाळगत नाही. आणि तुमच्याकडे जागा असेल तर फास कशाचा असतो तेही घाला, नाहीतर पुढचा माणूस नायलॉनचा समजेल.

मेंढका

नोंदीत वाघर पण घाला. दोन्ही अर्थांनी.